जकार्ताच्या मैदानावरील टाळ्या

सामन्याचा इतिहास लिहिताना खेळणाऱ्यांची नावे लिहिली जातात, गोल नोंदले जातात, चषक कोणी उचलला ते सांगितले जाते. मैदानाभोवती बसलेल्या माणसांचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. ते आले, ओरडले आणि घरी गेले, एवढेच त्यांच्याविषयी गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात आम्ही ज्या सामन्याची हकिकत सांगणार आहोत, ती खेळाडूंइतकीच त्या प्रेक्षकांसाठी सांगणार आहोत. हा सामना ४ सप्टेंबर १९६२ रोजी इंडोनेशियाची राजधानी जकार्ता येथे झाला. चौथ्या आशियाई क्रीडास्पर्धांतील फुटबॉलचा तो अंतिम सामना होता आणि त्यात भारताने दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव केला. आशियाई स्पर्धांतील फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला त्यानंतर पुन्हा मिळालेले नाही.

निमित्त

या विषयाकडे आम्ही वळलो, त्याला एक लहानसे आणि आम्हांस फारसे न शोभणारे निमित्त घडले.

आमचे चिपळूण हे काही फुटबॉलचे गाव नव्हे. पवन तलावाच्या मैदानावर क्रिकेटचेच राज्य असते. पावसाळ्याचे चार महिने तर वाशिष्ठीचे पाणी आणि तांबडा चिखल यांपुढे कोणत्याच खेळाचे चालत नाही. तरीही नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने गोव्याकडून, मंगळूरकडून, वसईकडून येथे आलेल्या आमच्या मूठभर कॅथलिक कुटुंबांतील मुले फुटबॉल खेळतात. अकरा कॅथलिक मुले जमणे कठीण, म्हणून शेजारची हिंदू आणि मुसलमान मुलेही त्यांच्या संघात असतात. २०२४ च्या नाताळात एका लहानशा स्पर्धेचा अंतिम सामना आमची मुले आणि शेजारच्या एका गावची मुले यांच्यात झाला. या दोन संघांची चुरस जुनी. खेळ संपत आला असता प्रतिस्पर्ध्यांना पेनल्टी मिळाली आणि त्यांच्या मुलाने मारलेला चेंडू खांबावरून बाहेर गेला. तो पोरगा दोन्ही हातांनी तोंड झाकून जमिनीवर बसला. आमच्या बाजूने एकच जल्लोष झाला. शिट्ट्या वाजल्या, त्या मुलाच्या नावाने नकला झाल्या. खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्हीही टाळी वाजवली. पुढे शब्दाला शब्द वाढला आणि पाहुणे आमच्या अंगणात मांडलेला चहा न घेताच निघून गेले.

सायंकाळी धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. उमेदीची सारी वर्षे त्यांनी मुंबईत रेल्वेच्या नोकरीत घालवली आहेत. मुलांविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत. जाता जाता एवढेच म्हणाले, "फादर, जकार्ताला आपल्याला टाळ्या कोणी वाजवल्या होत्या, ठाऊक आहे का?" आम्हांला ठाऊक नव्हते. त्याच वर्षी प्रदर्शित झालेला 'मैदान' हा हिंदी चित्रपट मुलांनी पाहिला होता, त्यामुळे सामना कोणता ते त्यांना माहीत होते. आम्ही मात्र त्या प्रश्नाच्या मागे लागलो आणि जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मित्राचे वैर

जकार्ताच्या त्या मैदानावर सुमारे १ लाख प्रेक्षक होते आणि त्यांतील बहुतेक सर्व भारताच्या विरोधात होते. ही गोष्ट ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटेल, कारण सामना इंडोनेशियाशी नव्हता, कोरियाशी होता. शिवाय इंडोनेशिया हा भारताचा जुना स्नेही. डच सत्तेशी त्या देशाचा लढा चालू असता १९४७ मध्ये ओरिसाचे बिजू पटनायक यांनी स्वतः विमान चालवीत नेऊन सुतान शाहरीर यांना जावा बेटातून बाहेर काढले होते. २६ जानेवारी १९५० रोजी आपल्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे होते इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो. १९५५ मध्ये बांडुंग येथे आशिया आणि आफ्रिकेतील राष्ट्रांची परिषद भरली, तेव्हा नेहरू आणि सुकार्नो एका व्यासपीठावर होते. मग अवघ्या सात वर्षांत हे वैर आले कोठून?

त्याचे मूळ खेळाच्या बाहेर होते. अरब राष्ट्रे आणि साम्यवादी चीन यांच्याशी असलेले संबंध सांभाळण्यासाठी इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेशपत्रेच दिली नाहीत. आशियाई क्रीडासंघाच्या नियमांत हे बसत नव्हते. या स्पर्धांची कल्पना ज्यांनी प्रथम मांडली आणि १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या स्पर्धा भरवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते गुरुदत्त सोंधी हे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे भारतीय सदस्य होते. दोन सभासद राष्ट्रांना दाराबाहेर ठेवून भरवलेल्या स्पर्धांना 'आशियाई स्पर्धा' हे नाव देता येणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. भूमिका तत्त्वाची होती आणि आज मागे वळून पाहता ती योग्यच होती, असे आम्हांस वाटते. परंतु ज्या राष्ट्राने अपार खर्च करून, सोव्हिएत साहाय्याने सेनायान येथे प्रचंड क्रीडागार उभारले होते, त्याला आपल्या आनंदाच्या दिवसांत हा अपमान वाटला. वर्तमानपत्रांनी तो राग पेटवला. ३ सप्टेंबर रोजी जमावाने जकार्तातील भारतीय वकिलातीवर हल्ला केला. सोंधी यांना शहर सोडावे लागले. दुसऱ्याच दिवशी अंतिम सामना होता.

मोठ्या माणसांच्या वादाची किंमत पुष्कळदा लहानांना द्यावी लागते. सोंधी गेले, पण अकरा खेळाडूंना त्याच शहरात, त्याच रस्त्यांवरून, त्याच लोकांपुढे जायचे होते.

अकरा जण

हे अकरा जण कोण होते ते पाहणे उद्बोधक आहे.

त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे. पेशाने शिक्षक, म्हणून सारे त्यांना 'रहीमसाहेब' म्हणत. १९५० पासून भारतीय संघाची धुरा त्यांच्याकडे होती. १९५१ च्या दिल्लीतील अंतिम सामन्यात मेवालाल यांच्या एकमेव गोलावर भारताने इराणला हरवले, ते रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, तोही त्यांच्याच कारकिर्दीत. त्या स्पर्धेत यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४-२ असा विजय मिळाला. त्यात मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. १९६२ मध्ये रहीम यांचे शरीर आतून पोखरले गेले होते. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री त्यांनी खेळाडूंकडे सुवर्णपदकाची भेट मागितली, अशी आठवण त्यांचे खेळाडू पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

कर्णधार चुनी गोस्वामी बंगालचे. त्यांचा जन्म किशोरगंजचा, जे आज बांगलादेशात आहे. त्यांच्या जोडीला प्रदीपकुमार बॅनर्जी, सिकंदराबादचे तुलसीदास बलराम आणि हैदराबादचे युसूफ खान. गोलमध्ये पीटर थंगराज. बचावाला अरुण घोष, त्रिलोकसिंग आणि ओ. चंद्रशेखर. मधल्या फळीत प्रशांत सिन्हा आणि फोर्तुनात फ्रँको. आणि या सर्वांत उठून दिसणारे जर्नेलसिंग. त्यांचा जन्म लायलपूर परिसरातला. फाळणीत त्यांच्या कुटुंबाला सर्वस्व टाकून इकडे यावे लागले. ज्या देशातून हे कुटुंब असे परागंदा झाले, त्या देशाचे नाव या हकिकतीत पुढे एकदा येणार आहे. वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

यांपैकी दोघांचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध होता. चंद्रशेखर मूळचे केरळचे, परंतु मुंबईच्या कालटेक्स संघाकडून खेळत. फोर्तुनात फ्रँको हे तर आमच्या वाचकांच्या अधिक जवळचे. त्यांचा जन्म १९३७ चा, गोव्यात बार्देशातील कोलवाळचा. आमच्या चिपळुणातून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग दक्षिणेकडे गेल्यावर शापोरा नदी ओलांडतो, तेच हे गाव. ज्या रस्त्याने आमचा कोकणी चाकरमानी मुंबईस गेला, त्याच दिशेने गोव्याचा ख्रिस्ती माणूसही गेला. चाकरमान्यांनी गिरणगावात गावकीच्या खोल्या घेतल्या, तर गोवेकरांनी धोबीतलाव आणि माझगाव भागांत गावोगावच्या 'कुडी' स्थापल्या. तेथे ट्रंका ठेवायला भिंतीलगत जागा असे, एका बाजूस गावच्या पालक संताची वेदी असे, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून रोझरी म्हणायची असे. फ्रँको यांचे कुटुंब असेच मुंबईस आले आणि मुलगा मुंबईच्या मैदानांवर वाढला. प्रथम पश्चिम रेल्वे आणि मग टाटा स्पोर्ट्स क्लब यांच्याकडून तो खेळला. आमच्याकडे आलेल्या त्या वृद्ध गृहस्थांनी कूपरेजवर त्यांचा खेळ अनेकदा पाहिला होता. ते म्हणाले, "गडबड करायचा नाही. चेंडू पायात आला की आधी मान वर करून बघायचा, कोण मोकळा आहे ते."

येथे एक गोष्ट धर्मगुरू म्हणून आम्हांस नमूद करावीशी वाटते. गोव्यात फुटबॉल आणला तो एका धर्मगुरूनेच. १८८३ मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे शिवोली येथे आले आणि मुलांच्या शिक्षणाचा एक भाग म्हणून त्यांनी हा खेळ शिकवला. बार्देशच्या त्याच मातीतून पुढे फ्रँको आले. १९६२ च्या त्या दिवशी भारताचा गणवेश घालून ते जकार्ताच्या मैदानावर उतरले, तेव्हा त्यांचे जन्मगाव पोर्तुगीज अमलातून मुक्त होऊन नऊ महिनेही झाले नव्हते.

हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती. पूर्व बंगालात जन्मलेला, पश्चिम पंजाबातून आलेला, गोव्यातला, केरळातला. असा हा संघ होता. कोणी तो असा मुद्दाम निवडला नव्हता. चांगले खेळणारे निवडले आणि ते असे निघाले.

त्या दिवसाचा खेळ

स्पर्धेत आठ संघ होते. भारताची सुरुवात पराभवाने झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. कोरिया तेव्हा आशियातील सर्वांत बलाढ्य संघ होता. १९५६ आणि १९६० अशा दोन्ही वेळा आशिया चषक त्यांनीच जिंकला होता. आशियाई स्पर्धांचे सुवर्ण मात्र त्यांना हुलकावणी देत होते. १९५४ आणि १९५८ मध्ये अंतिम फेरीत हरून ते रौप्यपदक घेऊन परतले होते. म्हणजे या सामन्याची भूक दोन्ही बाजूंना होती.

पुढच्या सामन्यात भारताने थायलंडला ४-१ असे नमवले, पण त्यात जर्नेलसिंग यांच्या डोक्याला मोठी जखम होऊन टाके पडले. जपानवर २-० असा विजय मिळाला आणि भारत उपान्त्य फेरीत आला. आता रहीम यांनी एक धाडसी निर्णय घेतला. जर्नेलसिंग हे मुळात बचावपटू, पण जखमी डोक्याने बचावात झुंजणे त्यांना अवघड होते. रहीम यांनी त्यांना थेट आघाडीला खेळवले. डोक्याला पट्टी बांधून ते उतरले आणि दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या ३-२ अशा निसटत्या विजयात त्यांनी एक गोलही केला. उरलेले दोन चुनी गोस्वामींचे होते. अंतिम सामन्यासाठी आजारातून उठलेल्या थंगराज यांना रहीम यांनी पुन्हा गोलमध्ये उभे केले. म्हणजे अंतिम सामन्याला उतरलेल्या संघाचा गोलरक्षक आजारातून उठलेला, आघाडीवीर जखमी आणि गुरू मरणाच्या वाटेवर होता.

मैदानावर काय चालले होते त्याचे वर्णन खेळाडूंनी अनेकदा केले आहे. भारतीयाच्या पायी चेंडू आला की चारी बाजूंनी हुर्यो उठे आणि कोरियनाकडे गेला की जयघोष होई. स्वतःच्या सहकाऱ्याची हाक ऐकू येणे कठीण होते. १७ व्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी पहिला गोल केला. तीनच मिनिटांनी, २० व्या मिनिटाला, जर्नेलसिंग यांनी दुसरा केला. १ लाखाचा तो आवाज क्षणभर खाली बसला असेल. त्यानंतर तासाभराहून अधिक काळ कोरियाने चढाया केल्या आणि चंद्रशेखर, घोष, त्रिलोकसिंग, सिन्हा, फ्रँको यांनी त्या परतवल्या. ८५ व्या मिनिटाला चा ते-सुंग यांनी कोरियाचा एक गोल फेडला. शेवटची पाच मिनिटे किती लांबली असतील याची कल्पना, ज्यांनी एकदा तरी एका गोलाची आघाडी सांभाळली आहे, त्यांनाच येईल. अखेर शिट्टी झाली आणि भारत जिंकला.

दुसऱ्या बाजूच्या टाळ्या

आता त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाकडे येऊ.

त्या विरोधी जनसमुदायात भारताच्या नावाने टाळ्या वाजवणारा एक लहानसा गट होता. तो होता पाकिस्तानच्या हॉकी संघाचा. याच स्पर्धांत हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला २-० असे हरवून सुवर्णपदक मिळवले होते. हॉकीत या दोन संघांइतके कडवे प्रतिस्पर्धी तेव्हा जगात दुसरे नव्हते. फाळणीला पंधराच वर्षे झाली होती, काश्मीरचा प्रश्न धुमसत होता, आणि तीन वर्षांनी ही दोन राष्ट्रे युद्धात समोरासमोर उभी राहणार होती. असे असता ते खेळाडू फुटबॉलच्या मैदानावर आले, बसले आणि भारताला प्रोत्साहन देऊ लागले. ज्या पाकिस्तानातून जर्नेलसिंग यांच्या घरच्यांना जीव मुठीत धरून निघावे लागले होते, त्या पाकिस्तानचे तरुण त्यांच्या गोलासाठी ओरडत होते.

असे त्यांनी का केले? आम्हांस वाटते, एका प्रतिस्पर्ध्याला दुसऱ्याचे मोल जितके कळते तितके इतरांना कळत नाही. ज्याच्याशी आपण पुन्हा पुन्हा झुंजतो, त्याचा घाम आपण पाहिलेला असतो. तो अन्यायाने एकटा पडलेला दिसला की आपल्या आतले काहीतरी हलते. १ लाख लोक ज्यांच्या अंगावर धावून जात आहेत, ते अकरा जण त्या हॉकीपटूंच्या दृष्टीने त्या दिवशी परके राहिले नसावेत. भाषा कानाला ओळखीची होती, चेहरे घरच्यासारखे होते.

प्रभू येशूने सांगितलेला दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. वाटेत जखमी पडलेल्या माणसाजवळ याजक थांबला नाही, लेवी थांबला नाही. थांबला तो शोमरोनी, ज्याच्याशी यहुदी लोकांचा व्यवहारही नव्हता. हा दाखला आम्ही वेदीवरून कितीदा समजावून सांगितला असेल! पण दाखल्यात आपण नेहमी स्वतःला मदत करणाऱ्याच्या जागी ठेवतो. ज्याच्याकडून मदतीची अपेक्षा नाही, किंबहुना ज्याची मदत घेणे जिवावर येते, अशा माणसाच्या हातून पाणी प्यावे लागणारा तो जखमी आपणही असू शकतो, हे क्वचितच मनात येते. जकार्तात भारत त्या जखमीच्या जागी होता. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचा पूर आमच्या चिपळुणात घुसला आणि बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा आम्ही सारेच त्या जागी होतो. त्या दिवसांत हातात पडलेल्या पाण्याच्या बाटलीवर देणाऱ्याचा धर्म लिहिलेला नव्हता आणि कोणी तो विचारलाही नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांच्या बालपणाची एक गोष्ट येथे आठवते. पोलंडमधील वाडोविस या गावी लहानगा कॅरोल गोलरक्षक म्हणून खेळे. तेथे कॅथलिक मुले एका बाजूला आणि ज्यू मुले दुसऱ्या बाजूला असे सामने होत. ज्यू मुलांना गोलरक्षक कमी पडला की कॅरोल त्यांच्या बाजूने उभा राही आणि आपल्याच वर्गमित्रांचे चेंडू अडवी. पुढे त्या गावातील ज्यूंवर काय अरिष्ट आले ते जगाला माहीत आहे. त्या मुलाने मात्र तोवर एक धडा घेतला होता. पलीकडच्या गोलमध्ये उभे राहिल्याशिवाय पलीकडचा माणूस दिसत नाही.

पुढे काय झाले

जकार्ताचा आनंद फार काळ टिकला नाही. सामन्यानंतर पाच आठवड्यांनी, ११ ऑक्टोबर १९६२ रोजी, रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेस प्रारंभ झाला. अन्य धर्मांच्या लोकांकडे बंधुभावाने पाहण्याची जी वाट या परिषदेने १९६५ मध्ये आपल्याला दाखवली, तिचा आरंभ त्या दिवसांतला आहे. परंतु भारताचे लक्ष लौकरच दुसरीकडे वेधले गेले. २० ऑक्टोबर रोजी चीनने आक्रमण केले आणि फुटबॉलचे सुवर्ण वर्तमानपत्रांतून मागे पडले. इंडोनेशियाला आपल्या हट्टाची किंमत मोजावी लागली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९६३ मध्ये त्या देशास निलंबित केले.

रहीम यांचे ११ जून १९६३ रोजी निधन झाले. मागितलेली भेट त्यांना मिळाली होती, पण ती पाहण्यास जेमतेम नऊ महिने उरले होते. १९६४ च्या आशिया चषकात भारत उपविजेता ठरला. महाराष्ट्राने १९६३-६४ च्या मोसमात संतोष करंडक जिंकला. १९७० मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धांत भारताला कांस्यपदक मिळाले आणि त्यानंतर या स्पर्धांत फुटबॉलचे एकही पदक आलेले नाही. रहीम यांच्यानंतर तसा द्रष्टा गुरू मिळाला नाही, हे तर खरेच. त्याचबरोबर जपान आणि कोरिया यांनी लहान मुलांपासून शिक्षणाची जी पद्धतशीर उभारणी केली, ती आपण केली नाही, हेही तितकेच खरे आहे.

त्या अकरांतील अनेक जण एकेक करून निघून गेले. जर्नेलसिंग २००० मध्ये, थंगराज २००८ मध्ये. २०२० च्या मार्चमध्ये प्रदीपकुमार बॅनर्जी गेले आणि एप्रिलच्या अखेरीस चुनी गोस्वामी. १० मे २०२१ रोजी, करोनाच्या साथीत, फोर्तुनात फ्रँको यांनी गोव्यात देह ठेवला. ते ८४ वर्षांचे होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चंद्रशेखर गेले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये बलराम. साथीचे दिवस असल्यामुळे यांतील काहींना शेवटचा निरोप द्यायला गर्दी जमू शकली नाही. १ लाखाच्या आरडाओरड्यात खेळलेली ही माणसे शांतपणे गेली. प्रभू त्यांना चिरविश्रांती देवो.

आमचे मैदान

संत पौलाने आपल्या पत्रांत धावण्याच्या शर्यतीचे आणि विजेत्याच्या मुकुटाचे दाखले वारंवार दिले आहेत. ज्या करिंथकरांना तो लिहीत होता, त्यांच्या गावाजवळच मोठे क्रीडामहोत्सव भरत, त्यामुळे त्यांना ते लगेच कळे. पानांचा मुकुट वाळून जातो, हे पौलाने त्यांना सांगितले. आपण खेळाडूंना हे सांगतो, पण प्रेक्षकांना सांगायचे राहून जाते. खेळाडूला निदान शिट्टी असते, पंच असतो, नियम असतात. चुकला तर त्याला बाहेर काढतात. कडेला उभ्या असलेल्या आम्हां मंडळींना बाहेर काढणारा कोणी नसतो. म्हणून तेथे आपला खरा स्वभाव उघडा पडतो. जकार्ताच्या १ लाख लोकांत वाईट माणसे फार थोडी असतील. बाकीचे आमच्यासारखेच असतील. संसारी, देवभोळे, मुलांना खांद्यावर घेऊन आलेले. शेजारी ओरडतो म्हणून तेही ओरडले असतील.

आमच्या अंगणातील त्या नाताळच्या सामन्याचे पुढे काय झाले ते सांगून हा लेख संपवितो. त्या गावच्या मुलांना आम्ही पत्र लिहिले. पत्रात मुलांची चूक लिहिण्याआधी आमच्या स्वतःच्या टाळीचा उल्लेख केला, कारण तो केल्याशिवाय पुढचे लिहिता येईना. आठवड्याने त्यांचे उत्तर आले. पुढच्या ईस्टरनंतर ते पुन्हा आले. पेनल्टी हुकलेला तो मुलगाही आला होता. या वेळी आमची मुले १-० अशी हरली, आणि तो गोल त्यानेच केला. आमच्या बाजूच्या काहींनी टाळ्या वाजवल्या. काही गप्प बसले. एकदोघे तर तोंड फिरवून उठून गेले, हेही लिहिले पाहिजे. ते वृद्ध गृहस्थ काठी बगलेत धरून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवीत होते. चहा मात्र सर्वांनी एकत्र घेतला.